माफीचा साक्षीदार आणि साहित्याचा वाचक

पाठचिकित्सा शिकविताना पहिला नियम सांगावा लागतो तो असा की, हस्तलिखिते मोजावयाची नसतात, त्यांची कुळे लावावयाची असतात. एखाद्या ओवीचा एक पाठ वीस पोथ्यांत आढळला आणि दुसरा दोनच पोथ्यांत, एवढ्यावरून पहिला पाठ खरा ठरत नाही. त्या वीसही पोथ्या एकाच मूळ पोथीवरून उतरविलेल्या असतील, तर त्यांची साक्ष ही एकाच साक्षीदाराची साक्ष होय. ज्ञानेश्वरीच्या संदर्भात हा नियम कोणालाही खटकत नाही. तोच नियम आधुनिक इतिहासातील एखाद्या माणसाच्या दोषादोषाला लावू गेले, की मात्र वर्गातील हवा बदलते. नाशिकमध्ये पदव्युत्तर वर्गाला मराठी शिकविताना हा अनुभव मला वारंवार आला आहे, आणि तो जिच्यामुळे येतो ती व्यक्ती नाशिकजवळच्या भगूरची आहे, विनायक दामोदर सावरकर.

सावरकरांवर दोन राजकीय हत्यांच्या संदर्भात खटले चालले. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांच्या २१ डिसेंबर १९०९ रोजी झालेल्या खुनास अपप्रेरणा दिल्याबद्दल ३० जानेवारी १९११ रोजी त्यांना दोषी ठरविण्यात आले. ३० जानेवारी १९४८ रोजी झालेल्या महात्मा गांधींच्या हत्येच्या कटाचा आरोप त्यांच्यावर ठेवला गेला, आणि १० फेब्रुवारी १९४९ रोजी त्यांची निर्दोष मुक्तता झाली. तारखांचा योगायोग वाचकाला मोहात पाडणारा आहे. पण अशा योगायोगात अर्थ शोधण्याची खोड ही कथानकप्रिय मनाची खोड होय, आणि प्रस्तुत विषयात तीच सर्वांत घातक आहे.

या दोन खटल्यांविषयीची साधने परस्परविरोधी आहेत, हे सर्वज्ञात आहे. माझे लक्ष वेधून घेतले ते साधनांच्या विरोधाने तितके नव्हे, जितके वाचकांच्या वाचनपद्धतीतील विरोधाने. दोन्ही खटल्यांत अभियोगपक्षाचा मुख्य आधार एक माफीचा साक्षीदार होता. पहिल्यात चतुर्भुज अमीन, दुसऱ्यात दिगंबर बडगे. सावरकरांचे चाहते चतुर्भुजच्या साक्षीतून निघणारे चित्र अभिमानाने स्वीकारतात आणि बडगेची साक्ष माफीच्या साक्षीदाराची म्हणून झिडकारतात. त्यांचे विरोधक बडगेची साक्ष प्रमाण मानतात आणि पहिल्या प्रकरणात मात्र ‘फासावर गेले ते दुसरेच’ असे म्हणून आरोपीचा वाटा कमी करू पाहतात. एकाच जातीच्या पुराव्यास दोन मापे लावणारे हे दोन्ही पक्ष एकमेकांचे आरसे आहेत. वर्गात एकदा दोन विद्यार्थ्यांनी दोन चरित्रांची पाने समोर ठेवून वाद घातला आणि शेवटी दोघेही माझ्याकडे वळून म्हणाले, “मॅडम, मग झालं काय ते तुम्हीच सांगा ना.” हा प्रश्न इतिहासाच्या विभागाकडे पाठवून देणे सोपे होते. परंतु या दोन खटल्यांतील साधने ही अखेर संहिताच आहेत, आणि त्यांतील एकीचा तर सारा भार मराठीच्या दोन वाक्यांवर आहे. तेव्हा साहित्याच्या वाचकाला येथे काही कर्तव्य आहे, असे मला वाटते.

२

पहिल्या प्रकरणातील निर्विवाद भाग थोडक्यात असा. जॅक्सन यांची नाशिकहून बदली झाली होती. विजयानंद नाट्यगृहात देवलांच्या ‘संगीत शारदा’चा प्रयोग पाहण्यास ते आले असता अनंत लक्ष्मण कान्हेरे या विशीही न गाठलेल्या तरुणाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. वापरलेले ब्राउनिंग पिस्तूल हे लंडनहून आलेल्या वीस पिस्तुलांपैकी होते, असे न्यायालयाने धरले. ही पिस्तुले सावरकरांनी इंडिया हाऊसमधील स्वयंपाकी चतुर्भुज अमीन याच्या पेटीच्या चोरकप्प्यातून मुंबईस पाठविली, हे चतुर्भुजने माफीचा साक्षीदार होऊन सांगितले. खून झाला तेव्हा सावरकर विलायतेत होते. १३ मार्च १९१० रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावर त्यांना अटक झाली आणि पुढे मुंबईत विशेष न्यायासनापुढे त्यांचे खटले चालले. १९०८ च्या कायद्याने निर्माण झालेल्या या न्यायासनापुढे ज्यूरी नव्हती आणि त्याच्या निर्णयावर अपीलही नव्हते.

आता या कथनाचे कूळ लावून पाहावे. चतुर्भुजची साक्ष न्यायालयाच्या निकालपत्रात आली. निकालपत्रांच्या व पोलिसी नोंदींच्या आधारे १९१८ चा राजद्रोह समितीचा, म्हणजे रौलट समितीचा, अहवाल लिहिला गेला. त्याच प्रकारच्या सरकारी कागदांतून मुंबई सरकारने १९५७-५८ मध्ये स्वातंत्र्यचळवळीच्या इतिहासाची साधने म्हणून खंड प्रसिद्ध केले. गुन्हा सिद्ध करण्यासाठी जमविलेला कागद चार दशकांनंतर गौरवाचा दस्तऐवज झाला. त्यानंतरच्या चरित्रांनी या सर्वांचा आधार घेतला. विद्यार्थी जेव्हा म्हणतो की पिस्तुले कशी आली हे पाच पुस्तकांत सारखेच सांगितले आहे, तेव्हा ती पाच पोथ्यांची साक्ष नसून बव्हंशी एकाच पोथीची असते, हे त्याला दाखवावे लागते.

कूळ एकच आहे म्हणून ते खोटे ठरत नाही. माफीच्या साक्षीदाराविषयी १८७२ च्या पुरावा कायद्याने दुहेरी भूमिका घेतली होती. अशा एकट्याच्या साक्षीवर दिलेली शिक्षा बेकायदा नाही, असे एका कलमात म्हटले होते. तर महत्त्वाच्या तपशिलांबाबत दुजोरा नसेल तर सहअपराध्यास अविश्वसनीय मानता येईल, असे दुसऱ्या कलमात. चतुर्भुजला दुजोरा होता, कारण वस्तू अस्तित्वात होती. पिस्तूल हातात घेऊन पाहता येते, त्याची जात ओळखता येते, तसलीच इतर पिस्तुले कोठून निघाली हे ताडून पाहता येते. शस्त्र पाठविले गेले आणि ते सावरकरांकडून आले, ही बाब म्हणूनच माझ्या मते पुरेशा बळकट पायावर उभी आहे.

त्या पायावर रचलेली कथा मात्र तितकी बळकट नाही. लोकप्रिय कथन असे: ज्येष्ठ बंधू बाबाराव सावरकरांना जॅक्सनच्या कारवाईमुळे जन्मठेप झाली, त्याचा सूड म्हणून धाकट्या भावाने लंडनहून पिस्तुले धाडली आणि जॅक्सनला मारविले. कालक्रम पाहता हे टिकत नाही. पिस्तुले फेब्रुवारी १९०९ मध्ये निघाली. बाबारावांची अटक फेब्रुवारी-मार्चच्या सांध्यावरची आणि शिक्षा जूनमधली. पिस्तुले वाटेवर असल्याचे बाबारावांनी अटकेपूर्वीच एका स्नेह्याला सांगितले होते, असे रौलट अहवालातच नमूद आहे. ज्या शिक्षेचा सूड घ्यावयाचा ती शिक्षा शस्त्रे निघाली तेव्हा झालेलीच नव्हती. कान्हेरेच्या मनात बाबारावांच्या शिक्षेचा राग असणे आणि लंडनच्या पेटीत तो राग भरलेला असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. पहिली संभवते, दुसरी कालदृष्ट्या अशक्य आहे. सूडकथेच्या साच्याला कारण आधी आणि कृती नंतर लागते. इतिहासाने तशी मांडणी पुरविली नाही, तेव्हा कथनाने ती करून घेतली.

साच्याचे असेच दुसरे उदाहरण परीक्षेच्या प्रसंगांचे. मदनलाल धिंग्रांच्या तळहातात टोचणी खुपसून त्यांचे धैर्य पाहिले गेले, असे सांगतात. कान्हेरेने दिव्याची तापलेली चिमणी दोन्ही हातांनी धरून दाखविली, असेही सांगतात. दोन्ही घडले नसतीलच असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. परंतु लंडन आणि महाराष्ट्र येथील दोन हुतात्म्यांच्या कथेत एकाच घाटाचा प्रसंग, एकाच जागी, म्हणजे कृतीच्या अगोदर, येतो तेव्हा लोककथेच्या अभ्यासकाला त्यातील आदिबंध ओळखता आला पाहिजे. असा प्रसंग समूह आपल्या वीराकडे कसे पाहतो याचा उत्तम पुरावा असतो. त्या दिवशी काय घडले याचा दुबळा.

मारल्या गेलेल्या माणसाविषयीही साधने अशीच दुभंगलेली आहेत. सरकारी व विद्वत्वर्तुळातील लेखनात जॅक्सन हे संस्कृतज्ञ, लोकप्रिय अधिकारी म्हणून येतात. त्यांनी जमविलेल्या सामग्रीवरून आर. ई. एन्थोव्हेन यांनी गुजरात व कोकणच्या लोकसमजुतींचे दोन खंड १९१४-१५ मध्ये प्रसिद्ध केले, आणि लोकसाहित्याचे अभ्यासक त्यांचा उपयोग आजही करतात. चरित्रांमध्ये तेच जॅक्सन गोड बोलून गळा कापणारे म्हणून येतात. मृत्युलेख आणि वीरचरित्र हे दोन्ही वाङ्मयप्रकार आहेत आणि प्रत्येकाचे स्वतःचे संकेत आहेत. संस्कृतवर प्रेम करणारा माणूस साम्राज्याचे यंत्र निष्ठेने चालवू शकतो. येथे साधनांत विरोध नाहीच. विरोध आहे तो दोन वाङ्मयप्रकारांच्या गरजांत.

३

साधनाचे कूळ लावल्यानंतर त्याचा प्रसंग पाहावा लागतो. हे विधान कोणापुढे झाले, केव्हा झाले, आणि ते करणाऱ्याला त्याची किंमत काय पडली? सामान्य गुन्ह्याच्या बाबतीत हा प्रश्न सरळ असतो. नाकारण्यात लाभ आणि कबुलीत तोटा. राजकीय हत्येच्या बाबतीत त्याला एक विलक्षण वळण मिळते, कारण राज्य बदलले की कबुलीची किंमत उलटी होते. १९१० मध्ये पिस्तुलांचा संबंध मान्य करणे म्हणजे फास जवळ करणे. १९४७ नंतर तोच संबंध मान्य करणे म्हणजे स्वातंत्र्यलढ्यातील मान मिळविणे.

या उलथापालथीची खूण ग्रंथांवर उमटलेली आहे. १९२६ मध्ये मद्रासहून ‘चित्रगुप्त’ या नावाने सावरकरांचे इंग्रजी चरित्र निघाले. १९८७ च्या पुनर्मुद्रणाच्या प्रस्तावनेत चित्रगुप्त म्हणजे स्वतः सावरकरच, असे सांगण्यात आले. प्रशंसापर परचरित्र म्हणून साठ वर्षे वाचली गेलेली संहिता एका प्रस्तावनेने आत्मचरित्र झाली. शब्द तेच राहिले, निवेदक बदलला, आणि त्याबरोबर प्रत्येक वाक्याचे पुराव्यातील मूल्य बदलले. १९२७ मधील ‘माझी जन्मठेप’ हा मराठी गद्याचा एक बलवान ग्रंथ लिहिला गेला तेव्हा लेखक राजकारणात भाग न घेण्याच्या अटीवर रत्नागिरीत स्थानबद्ध होता. त्या ग्रंथातील मौनावरून काहीही सिद्ध करता येणार नाही. पहाऱ्याखाली लिहिणाऱ्याचे मौन हे पहाऱ्याविषयी सांगते. उलट, धिंग्रांना पिस्तूल सावरकरांनीच दिले हा तपशील धनंजय कीर यांच्या चरित्राच्या १९६६ च्या आवृत्तीसारख्या स्वातंत्र्योत्तर ग्रंथांतून उघडपणे मांडला गेला. तोवर तो सांगण्यात धोका उरला नव्हता, गौरव उरला होता.

माझा निष्कर्ष असा की, फासाच्या छायेतील नकार आणि सत्काराच्या छायेतील दावा यांचे पुरावा म्हणून वजन सारखेच हलके आहे. दोन्हींत वक्त्याचे हित वाक्याच्या दिशेनेच वाहते. वजन येते ते हिताविरुद्ध बोललेल्या वाक्याला, किंवा ज्याचे महत्त्व बोलणाऱ्याला ठाऊकच नव्हते अशा ओझरत्या तपशिलाला. पिस्तुले वाटेवर असल्याचे बाबारावांचे बोलणे नोंदविणाऱ्याला त्याने सूडकथा ढासळेल याची कल्पना नव्हती. म्हणूनच ती नोंद मला मोलाची वाटते.

४

दुसऱ्या खटल्याकडे वळताना एक पारिभाषिक भेद ध्यानात घ्यावयास हवा. ‘कट’ हा शब्द आपण मराठीत दोन्ही प्रकरणांसाठी सैलपणे वापरतो. परंतु कोणताही गुन्हा करण्यासाठी झालेला कट हा स्वतंत्र अपराध भारतीय दंडसंहितेत १९१३ मध्ये आला. राजाविरुद्ध युद्धाच्या कटाचे कलम त्यापूर्वीचे होते, आणि डिसेंबर १९१० मधील शिक्षा त्याखाली झाली होती. जॅक्सन प्रकरणातील आरोप खुनास अपप्रेरणेचा होता, गांधीहत्येतील आरोप कटाचा. अपप्रेरणा साहाय्याने सिद्ध होऊ शकते, आणि साहाय्य वस्तूरूप असू शकते. कटाचे सार मात्र दोघांच्या संमतीत असते, आणि संमती प्रायः शब्दांत असते. म्हणून पहिल्या खटल्यात पिस्तूल बोलले. दुसऱ्यात, या एका आरोपीपुरते, भाषेलाच बोलावे लागले. तेथे साहित्याच्या वाचकाचा प्रांत सुरू होतो.

बडगेला जून १९४८ मध्ये माफी देण्यात आली. त्याच्या साक्षीतील सावरकरांविषयीचा कळीचा भाग १७ जानेवारी १९४८ या दिवसाचा आहे. मुंबईतील सावरकर सदनात तो स्वतः तळमजल्यावर थांबला. नथुराम गोडसे आणि नारायण आपटे वर गेले, थोड्या वेळाने खाली आले, आणि त्यांच्या मागोमाग आलेल्या सावरकरांनी त्या दोघांना “यशस्वी होऊन या” असे म्हटले. पुढे मोटारीत आपटेने बडगेला सांगितले की, गांधीजींची शंभर वर्षे भरली असे भविष्य तात्यारावांनी केले आहे. ही दोन वाक्ये इंग्रजी नोंदीत मूळ मराठी शब्दांसह आली, हे आपले भाग्य. एरवी भाषांतरातून त्यांचा पोत नाहीसा झाला असता.

पहिले वाक्य पाहू. ‘या’ या क्रियापदावर इंग्रजी वाचक अडखळेल, कारण त्याला तेथे परत येण्याची योजना दिसेल. मराठी घरात निघणाऱ्याला ‘जा’ म्हणत नाहीत, आणि निघणाराही ‘येतो’ म्हणतो. ‘या’ हा निरोपाचा संकेत आहे. त्यातून बेताचा कोणताही तपशील निघत नाही. राहिले ‘यशस्वी’. या विशेषणाला वाक्यात आधार नाही. कशात यशस्वी, हे वाक्य सांगत नाही, प्रसंग सांगतो. आणि तो प्रसंग वरच्या मजल्यावर घडला होता, जेथे साक्षीदार नव्हता. परीक्षेला, मुलाखतीला, वर्गणी गोळा करण्यास निघालेल्यालाही घरातील वडीलधारी माणसे असेच काहीसे म्हणतात. सावरकरांनी आपल्या निवेदनात हेच दाखविले. अशी भेट व असे शब्द त्यांनी नाकारलेच. परंतु ते वादासाठी मान्य केले तरी हैदराबादच्या निःशस्त्र प्रतिकारासारख्या किंवा वृत्तपत्राच्या कामासारख्या अनेक बाबींशी त्यांचा संबंध लावता येईल, असे ते म्हणाले. बचाव म्हणून हे निवेदन तर्कशुद्ध आहे. पुरावा म्हणून ते आरोपीचे निवेदन आहे.

पाठचिकित्सेतील आणखी एक तत्त्व येथे उपयोगी पडते. दोन पाठांपैकी अधिक अवघड पाठ मूळचा असण्याचा संभव जास्त, कारण लेखनिक अवघडाचे सोपे करतो, सोप्याचे अवघड करीत नाही. बडगेला खोटेच रचावयाचे असते, तर त्याने इतके मोघम वाक्य का रचावे? माफीच्या बदल्यात बोलणाऱ्याने अभियोगपक्षाला हवे ते ठळक वाक्य दिले असते. ‘यशस्वी होऊन या’ हे वाक्य अभियोगाच्या दृष्टीने अपुरे आहे, आणि त्या अपुरेपणामुळेच ते ऐकलेले वाटते. परंतु ज्या मोघमपणामुळे ते विश्वसनीय ठरते, त्याच मोघमपणामुळे ते दोषसिद्धीला निरुपयोगी ठरते.

दुसरे वाक्य याच्या अगदी उलट आहे. ‘शंभर वर्षे भरली’ याचा अर्थ लावण्यास मराठी वाचकाला कष्ट नाहीत. शतायुष्याची कल्पना त्यात आहे, शिशुपालाच्या शंभर अपराधांची सावली त्यावर आहे. एखाद्याचा अंत जवळ आला, असा त्याचा रोख. सव्वाशे वर्षे जगण्याची इच्छा गांधीजींनी बोलून दाखविली होती, त्या पार्श्वभूमीवर तो अधिकच बोचरा होतो. तरीही संतापाने काढलेला उद्गार, भाकीत आणि आज्ञा या तिन्ही रूपांत हा वाक्प्रचार आपल्या भाषेत वावरतो. त्याहून महत्त्वाचे असे की, हे वाक्य बडगेने सावरकरांच्या तोंडून ऐकलेले नाही. ते आपटेने सांगितलेले आहे, आणि धोक्याच्या कामात साथीदाराला ओढणाऱ्या माणसाला थोरांच्या आशीर्वादाचा हवाला देण्याची गरज असतेच. म्हणजे जे वाक्य प्रत्यक्ष ऐकले ते संदिग्ध, आणि जे स्पष्ट ते ऐकीव. बडगेच्या साक्षीची सारी कोंडी या एका स्थितीत आहे.

माफीच्या साक्षीदाराच्या निवेदकपणाचे मर्मही हेच. माहिती असण्याइतका तो आत असावा लागतो आणि माफी मिळण्याइतका बाहेर. चतुर्भुज पेटी वाहतो, पण बेत त्याचा नाही. बडगे घरात शिरतो, पण जिना चढत नाही. जिन्याखालचा निवेदक ही त्या कथनाची अपरिहार्य रचना आहे. न्यायाधीश आत्माचरण यांनी बडगेला एकंदरीत सत्य सांगणारा साक्षीदार मानले. पण सावरकरांच्या बाबतीत दुजोऱ्याखेरीज त्याच्या साक्षीवर निष्कर्ष उभारणे सुरक्षित नाही, असे म्हणून त्यांना सोडले. माझ्या वाचनात हा निर्णय त्या साक्षीच्या घडणीशी प्रामाणिक आहे.

५

प्रकरण येथे संपले नाही. शिक्षा भोगून सुटलेल्या आरोपींच्या सत्कारानिमित्त नोव्हेंबर १९६४ मध्ये पुण्यात झालेल्या समारंभानंतर वादळ उठले, आणि पुढे न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांच्या आयोगाने १९६९ मध्ये अहवाल दिला. सावरकरांचे अंगरक्षक अप्पा कासार आणि सचिव गजानन दामले यांचे मार्च १९४८ मधील पोलिसांपुढील जबाब आयोगाने विचारात घेतले. खटल्यात हे दोघे साक्षीदार म्हणून उभे केले गेले नव्हते. जानेवारी १९४८ मध्ये आपटे व गोडसे सावरकरांना भेटत होते, हे या जबाबांतून दिसते. सर्व वस्तुस्थिती एकत्र पाहता सावरकर व त्यांच्या गटाने केलेल्या खुनाच्या कटाखेरीज दुसरी उपपत्ती टिकत नाही, अशा आशयाचा शेरा आयोगाने मारला.

येथे पुन्हा तीच कसोटी. आयोगाचा शेरा हा अनुमान आहे, निवाडा नव्हे. आणि ज्याच्याविषयी तो आहे तो माणूस २६ फेब्रुवारी १९६६ रोजी वारला होता. जबाब पोलिसांपुढील, आणि त्यांची उलटतपासणी कधी झाली नाही. एवढे म्हणून ते जबाब फेकून देणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. १९४९ मध्ये न्यायालयाला जो दुजोरा हवा होता त्याच्या दिशेने ते निर्देश करतात, आणि कासार व दामले हे बडगेच्या कुळातील साक्षीदार नाहीत. म्हणून भेटी झाल्या, ही बाब आता संभवाच्या पलीकडे बरीच सरकली आहे. त्या भेटींत काय बोलणे झाले, याविषयी हे जबाबही आपल्याला जिन्याखालीच ठेवतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले म्हणून दुसऱ्याचेही मिळाले, असे आयोगाने मानले. निर्दोष सुटका झाली म्हणून पहिला प्रश्नच उरत नाही, असे चाहते मानतात. दोन्ही उड्या सारख्याच लांबीच्या आहेत.

हे ऐकून विद्यार्थी निराश होतात. एकाने विचारले होते, “हा नुसता तोल सांभाळणं नाही का?” प्रश्न रास्त होता. मधला मार्ग हा अनेकदा धैर्याच्या अभावाचे सोज्वळ नाव असतो. परंतु येथे केलेले काम मधोमध उभे राहण्याचे नाही. जॅक्सन प्रकरणात शस्त्रे पाठविण्याचा आरोप मी सिद्ध मानते, आणि जॅक्सनला हेरून सूड घेतल्याची कथा असिद्ध मानते. त्यामुळे गौरव करणारे आणि लहान लेखणारे दोघेही नाराज होतात. गांधीहत्येत भेटी मी बहुतांशी सिद्ध मानते, संमती असिद्ध मानते, आणि असिद्ध म्हणजे असत्य नव्हे हेही सांगते. ज्या माणसाने एका अधिकाऱ्याच्या खुनात वापरलेले शस्त्र पुरविले तो दुसऱ्या हत्येस संमती देणारच, हा युक्तिवाद स्वभावचित्रणाच्या तर्काने चालतो; कादंबरीत तो ग्राह्य असेल, पुराव्यात नाही. तसेच ज्याला न्यायालयाने सोडले त्याच्या विचारांचा त्या वातावरणाशी काहीच संबंध नव्हता, हाही युक्तिवाद न्यायालयाने न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या तोंडी घालतो. नैतिक जबाबदारीची चर्चा स्वतंत्रपणे, उघडपणे करावी. ती ‘यशस्वी होऊन या’ या तीन शब्दांच्या आडून करू नये.

आपल्या विद्याशाखेत संहितेच्या अनेकार्थतेचे कौतुक आपण पुष्कळ केले. अर्थ निश्चित नसतो, तो वाचक घडवितो, हे आपण कवितेच्या संदर्भात आनंदाने शिकवितो. निकालपत्र, जबाब, साक्ष यांच्यापुढे तेच वाक्य उच्चारताना आपली जीभ अडखळली पाहिजे, कारण येथे वाचकाने घडविलेल्या अर्थाने माणूस फासावर जातो किंवा सुटतो. अनेकार्थता ओळखणे हे येथेही आपले काम आहे. पण ती ओळखल्यावर आपल्या आवडीचा अर्थ निवडण्याची मुभा येथे नाही. तीन तरुण ठाण्यात फासावर गेले, एक लोकसाहित्याचा संग्राहक नाट्यगृहात पडला, आणि दिल्लीत प्रार्थनेला निघालेला एक वृद्ध पडला. यांपैकी कोणाच्या मृत्यूला कोणते माप लावावयाचे हे आपल्या निष्ठेने ठरू लागले, तर पाठचिकित्सा शिकविण्यास आपण लायक उरत नाही. जिन्याखाली उभ्या असलेल्याने जिन्यावरचे संभाषण लिहू नये. आणि आपण जिन्याखाली आहोत, हे मात्र स्पष्ट अक्षरांत लिहावे.